वायर माझ्या हातात होती

"हा बघा सर्व्हर."

असं म्हणून सरांनी माझा दंड धरला आणि मला फळ्यासमोर उभं केलं. मी खडू द्यायला आत गेलो होतो. डबा हातातच राहिला.

जागा सांगतो. खामगावातलं एक पॉलिटेक्निक, कॉम्प्युटर विभागाची लॅब. समोर तिसऱ्या वर्षाची बावीस पोरं-पोरी. सर विभागप्रमुख, पुण्याहून आलेले, तिशी नुकतीच ओलांडलेली. मी लॅबचा शिपाई, वय एक्केचाळीस, अकरा महिन्यांच्या कंत्राटाच्या कागदावरचा, दर जूनला नवा कागद. पोरं मला 'मामा' म्हणायची. सर 'ए' म्हणायचे.

"सर्व्हर काय करतो? एका जागी उभा राहतो. वाट बघतो. स्वतःहून तोंड उघडत नाही. क्लायंटनं हाक मारली, तर आणि तरच उत्तर देतो." सरांनी दोनदा टाळी वाजवली. "आता मी क्लायंट. ए, पाणी!"

मी कोपऱ्यातल्या जारमधून ग्लास भरून आणला.

"विनंती गेली, उत्तर आलं. डस्टर!"

दिलं.

"गाव?"

"वरवट बकाल, सर."

"कुठं आलं ते?"

"संग्रामपूरच्या जवय हाये, सर."

'जवय' ऐकलं आणि वर्ग फुटला. हसणाऱ्यांतली अर्धी पोरं घरी आईशी बोलताना 'जवय'च म्हणतात, पण त्या घटकेला सगळी पुण्याची झाली होती. सर हात वर करून म्हणाले, "उत्तराचं फॉरमॅट थोडं बिघडलेलं आहे. पण सर्व्हर चालू आहे, ते महत्त्वाचं!"

टाळ्या पडल्या. आणि मी काय केलं? मीही हसलो. मान हलवून, दात दाखवून, सगळ्यांपेक्षा जास्त. हे मी कुणी विचारल्याशिवाय सांगतोय, कारण सरांचं बोलणं मी पचवलं, माझं हसणं अजून पचलेलं नाही.

मी मुळात नकलाकार माणूस. तलाठी, कंडक्टर, लग्नात रुसलेला व्याही, बकरीच्या मागे धावणारा इन्स्पेक्टर, कुणाचीही नक्कल सांगा, उभा करतो. आमच्या आळीत माझ्याशिवाय बारसं रंगत नाही. आजवर मी लोकांना समोर उभं केलं होतं. त्या दिवशी मला कुणी उभं केलं, आणि खेळ माझा असल्यासारखा मी त्यात सामील झालो.

सर नवीन आले तेव्हा त्यांनी माझं आडनाव विचारलं होतं. सांगितलं. "अच्छा," म्हणाले. एवढंच. पण तो 'अच्छा' मला पाठ आहे. माझ्या आज्यानं ऐकलाय, बापानं ऐकलाय. मोजमाप झालं, खण सापडला, माणूस त्यात ठेवला, की तोंडातून निघतो तो 'अच्छा'.

बाप गावचा कोतवाल होता. कोतवाल म्हटलं की शहरातल्या माणसाला वाटतं मोठा अधिकारी असेल. तसं नाही. तलाठ्याच्या कचेरीच्या पायरीवर बसायचं. आवाज आला की उठायचं. दवंडी द्यायची, नोटीस पोचवायची, साहेब आला की खुर्ची पुसायची. पायरीवर, आत नाही. मी लहानपणी विचारलं होतं, "बा, तुम्ही आधी बोलत काऊन नाही?" बाप म्हणाला, "आपल्याले इचारत नाई तोवर आपल्यापाशी उत्तर नसते, बावा." हे वाक्य त्यानं शहाणपण म्हणून दिलं. मी शहाणपण म्हणून घेतलं. सरांच्या वर्गात ते अभ्यासक्रमात निघालं.

तर मला राग आला. त्या वेळी नाही. तीन दिवसांनी. जेवताना. अचानक. भाकरीचा घास हातात, आणि डोकं तापलं. बायकोनं, सुमननं विचारलं, "तिखट लागलं का?" मी म्हटलं, हो.

पण राग येऊन जाणार कुठं? मी ठरवलं, आधी हे बघायचं की सर्व्हर खरंच एवढा लाचार असतो का.

दुपारी दीड ते दोन सर डबा खायला जात. लॅबची किल्ली माझ्याकडे. सतरा नंबरच्या मशीनवर बसायचो, कारण त्याच्याकडे कुणी फिरकत नसे, कीबोर्डवर अर्धी अक्षरं पुसलेली. पोरांच्या जर्नलचे गठ्ठे माझ्याच ताब्यात. बारावी झालो आहे, इंग्रजी हळू वाचतो, पण वाचतो. जर्नलमधला प्रोग्राम बघून एक एक अक्षर टाकायला मला चार दुपारी लागल्या.

दोन प्रोग्राम होते. एक सर्व्हरचा, एक क्लायंटचा. मी उत्साहात आधी क्लायंट चालवला. पडद्यावर उमटलं, 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. नकार!

मी म्हटलं, "आता मशीनलेही माहं आडनाव कयलं का काय बे?"

नव्हतं कळलं. कारण साधं होतं. पलीकडे कुणी नव्हतंच. सर्व्हर आधी चालू करावा लागतो. तो एक दरवाजा उघडून बसतो, त्या दरवाजाला नंबर असतो, पोर्ट म्हणतात. तो बसलेला नसेल तर क्लायंट कितीही टाळ्या वाजवो, काही होत नाही. पत्ता माहीत असणं ही क्लायंटची गरज. दार ठोठावणं क्लायंटचं काम. आत घ्यायचं की नाही, हे सर्व्हर ठरवतो. पुढे वाचलं तेव्हा अजून एक कळलं आणि मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. तेच मशीन एका बोलण्यात सर्व्हर असतं आणि दुसऱ्या बोलण्यात क्लायंट. एकाच वेळी. भूमिका त्या बोलण्यापुरती. बोलणं संपलं, भूमिका संपली. मशीनच्या अंगाला चिकटून राहत नाही, त्याच्या पोरांना वारशात मिळत नाही.

आमच्याकडे मात्र माणूस जन्मायच्या आधी प्रोग्राम लिहून तयार. आणि कोणी लिहिला ते विचारायचं नाही.

आता त्या लॅबची एक रीत सांगतो, कारण सगळं तिच्यावर फिरलं. मशीन एकमेकांना जोडणारी पेटी असते, स्विच म्हणतात. आमच्या लॅबमध्ये ती होती. नवीकोरी. पण कपाटात, कुलपात. वस्तू सामानाच्या रजिस्टरवर चढलेली, तपासणीत दाखवायची, बिघडली तर जबाब कोण देणार? म्हणून वापरायचीच नाही. मग पोरं काय करायची? सर्व्हर आणि क्लायंट दोन्ही एकाच मशीनवर चालवायची. त्यासाठी क्लायंटच्या प्रोग्राममध्ये पत्ता लिहिलेला असायचा 'लोकलहोस्ट'. म्हणजे हेच मशीन. आपलंच घर. घरातल्या घरात हाक आणि घरातल्या घरात ओ. दरवर्षी तेच जर्नल, तेच पान, त्याखाली सरांची सही. त्या लॅबमध्ये दोन मशीन एकमेकांशी बोलताना कुणी कधी पाहिलेलीच नव्हती.

वार्षिक प्रात्यक्षिक परीक्षा आली. बाहेरच्या परीक्षक मॅडम अमरावतीहून येणार होत्या. त्यांचा आधीच फोन आला की सर्व्हर एका मशीनवर आणि क्लायंट दुसऱ्यावर चालवून दाखवायचा. सरांनी कपाट उघडलं. पेटी निघाली. वायरी अंथरायचं काम माझं. सकाळी आठला जाऊन मी बावीस वायरी लावल्या, एक एक ओढून बघितली. मग वेळ होता, म्हणून जर्नलचा प्रोग्राम दोन मशीनवर लावून पाहिला. चारवर सर्व्हर, नऊवर क्लायंट. नकार. मी पाचच मिनिटं डोकं खाजवलं. नऊ नंबरचा क्लायंट स्वतःच्याच घराचं दार वाजवत होता आणि घरात कुणी नव्हतं! 'लोकलहोस्ट' खोडून चार नंबरचा पत्ता टाकला. चार नंबरनं विचारलं, ह्या प्रोग्रामला बाहेरच्यांशी बोलू द्यायचं का? मी 'हो' दाबलं. त्या इमारतीत माझी परवानगी पहिल्यांदा मागितली ती एका मशीननं.

आणि ओळ आली. नऊवरून चारवर. मी एकटा होतो, तरी मी टाळी वाजवली.

साडेनऊला सर आले. मागोमाग पोरं. मी सरांजवळ गेलो. माझ्या बापाचा नियम मोडला, आधी बोललो.

"सर, जर्नलच्या प्रोग्रामात पत्ता बदलावा लागते. दोन मशीनवर थो चालत नाई."

सरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "तू वायरी बघ."

"सर, मी सकायी चालवून..."

"मशीनला हात लावलास? कुणाला विचारून? वायरी बघ आणि बाहेर थांब."

नाजिया जवळच उभी होती. खामगावच्याच एका कापडवाल्याची मुलगी, वर्गात पहिली. तिनं हे सगळं ऐकलं. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं जर्नलात पाहिलं.

अकराला मॅडम आल्या. नाजियाचाच पहिला नंबर. चारवर सर्व्हर. नऊवर क्लायंट. पडद्यावर नकार. दुसरी जोडी. नकार. तिसरी. नकार.

मॅडमनी विचारलं, "काय होतंय?"

सर एका क्षणात म्हणाले, "केबल लूज असणार. ए! इकडे ये."

मी आत. "टेबलाखाली जा."

गेलो. एक्केचाळीस वर्षांचा माणूस, गुडघ्यांवर, टेबलाखाली. तोंडासमोर पोरींच्या चपला. वायर काढली, लावली. "झालं?" वरून आवाज. नकार. "परत कर." नकार. "नीट ढकल, जोर लाव जरा!" नकार. पाच वेळा. मला खाली माहीत होतं की वायरीचा काही संबंध नाही. मी सकाळी सांगितलं होतं. आणि मी वायर ढकलत होतो. वरती सर मॅडमना म्हणाले, "काय करणार मॅडम, ह्या लोकांना किती वेळा सांगितलं तरी..." वाक्य पुरं केलं नाही. त्याला पुरं करावं लागत नाही. 'ह्या लोकांना' एवढ्यात ते पुरं असतं.

मॅडमना दोन वाजता दुसऱ्या कॉलेजात पोचायचं होतं. प्रोग्राम उघडून बघायला त्या बसल्या नाहीत. त्यांनी तोंडी प्रश्न विचारले आणि शेरा लिहिला की नेटवर्कचं प्रात्यक्षिक झालं नाही, कारण लेखी कळवावं.

कारण चार वाजता तयार होतं. छापून. सरांनी मला खोलीत बोलावून कागद पुढे केला. वर माझं पूर्ण नाव. खाली, 'माझ्या हलगर्जीपणामुळे केबल जोडणी सदोष राहिली व परीक्षेत व्यत्यय आला, याबद्दल मी माफी मागतो.'

"उद्या सकाळपर्यंत सही करून दे."

कागद घरी नेला. सुमननं विचारलं काय आहे. मी तिला तो वाचून दाखवला. सवयीनं सरांच्या आवाजात, सरांचे हातवारे करून. माझ्या नकलेला ती हसली नाही, असं पहिल्यांदा झालं.

"वायर खरंच ढिली होती का?"

"नाही."

"सही नाई केली तं?"

"जूनले कागद भेटनार नाई."

तिनं कागदाची घडी घातली आणि म्हणाली, "पोराची फी भरायची हाये. मी तुमाले 'करू नका' म्हनू शकत नाई. 'करा' म्हनायले जीभ उठत नाई. तुमी पाहा." मला वाटलं होतं ती काहीतरी एक सांगेल. तिनं मला सुटका दिली नाही. बरं केलं.

सकाळी दहाला मी सरांना म्हटलं, "सही करतो. आधी लॅबमध्ये या, दोन मिनटं." ते आले. मी नऊ नंबरवर जर्नलचा क्लायंट चालवला. नकार आला. मग वाकलो, मागची वायर काढली आणि तिचं टोक सरांच्या नाकासमोर धरलं. पुन्हा चालवला. अक्षरशः तोच नकार, त्याच क्षणी.

"सर, वायर माह्या हातात हाये. तरी थेच उत्तर. म्हंजे थो वायरीपावतर गेलाच नाई. घरच्या घरीच इचारून राह्यला."

मला वाटलं होतं सरांचा चेहरा पडेल. नाटकात पडतो. मी त्या क्षणाची तालीमही करून आलो होतो. सरांनी दार लोटलं आणि शांतपणे म्हणाले, "ते मला कालच कळलं. सही कर."

वायर अजून माझ्या हातातच होती.

"बावीस मुलांच्या जर्नलवर माझी सही आहे. प्रोग्राम मी दिलेला आहे. मी काय लिहू? तुझ्या नावानं गेलं तर काय बिघडणार आहे? तुला कोण ओळखतं?"

माझा समज होता की त्यांना कळत नाही म्हणून ते असं वागतात. चार दुपारी मी अक्षरं जुळवली ती ह्याच आशेवर की सिद्ध केलं की मानतील. त्यांना कळत होतं. सगळं कळत होतं. कळून त्यांनी मला निवडलं होतं. हे समजल्यावर माझ्या अंगातून काहीतरी निघून गेलं. भीती असावी. निदान त्या घटकेपुरती.

मी म्हटलं, "दोन वर्षं तुमी मले 'ए' म्हनलं. माहं पुरं नाव पयल्यांदाच लिवलं, तेही तुमच्या चुकीवर. मी सही नाई करत."

"विचार कर. जून जवळ आहे."

"केला."

बाहेर आलो आणि जिन्यात बसून माझा जबाब लिहिला. काय झालं, कुठल्या मशीनवर, कुणाला किती वाजता सांगितलं होतं. साक्षीदाराच्या ओळीपाशी थांबलो. नाजिया वाचनालयात होती. तिच्यापुढे कागद ठेवला.

ती हळूच म्हणाली, "मामा, मी ऐकलं होतं. कसम से. तुम्ही सांगतलं होतं सरांना."

"मंग एवढंच लिव."

"अजून तोंडीचे मार्क वर पाठवायचे आहेत. सरांच्या हातात आहेत. मले पुढं पुण्याले शिकायचं आहे, मामा. अब्बांनी लय मुश्किलीनं हो म्हटलं." तिचे डोळे भरले होते. मला तिची दया आली आणि तेवढाच राग आला. दोन्ही अजून तसेच आहेत, एकानं दुसऱ्याला खाल्लं नाही. साक्षीदाराच्या ओळीवर मी लिहिलं, 'वर्गात बावीस विद्यार्थी हजर होते. कोणीही नाही.'

प्राचार्यांच्या कचेरीतला बाबू कागद घेईना. "हे असलं इथं चालत नाही." मी म्हटलं, "नका घेऊ. नाई घेत असं लिहून द्या." तो सरांकडे गेला, परत आला, चहा पिऊन आला. मी टेबलासमोरून हललो नाही. दीड तासानं त्यानं शिक्का मारला आणि आवक नंबर टाकला. मी प्रत मागून घेतली.

जूनमध्ये कागद मिळाला नाही. पेटी पुन्हा कपाटात गेली, हे मला नव्या शिपायानं सांगितलं. जर्नलचं पान बदललेलं नाही. बावीसच्या बावीस पास झाले. नाजिया पुण्याला गेली. सर अजून विभागप्रमुख आहेत. मी बसस्टँडजवळ एका दुकानात कॉम्प्युटर दुरुस्त करतो, पगार कमी, आणि पोराची शाळा बदलावी लागली. कुणी म्हणेल, जिंकलास. कशात, ते मला दाखवा.

ह्याला आता तिसरं वर्ष. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी त्या कचेरीत जातो. आवक नंबर सांगतो आणि विचारतो की माझ्या जबाबाचं उत्तर कुठं आहे. बाबू म्हणतो, साहेब नाहीत. म्हणतो, फाइल वर गेली. म्हणतो, तुम्हाला दुसरा धंदा नाही का. मी हसत नाही. त्याची नक्कल करत नाही. तारीख लिहून घेतो आणि त्याने काय सांगितलं ते खाली लिहितो. वही अर्धी भरली आहे.

त्या दिवशी चूक कुणाची होती हे त्यांनी नाव घालून, शिक्का मारून, कागदावर लिहावं. दुसरं मला काही नको. नोकरीसुद्धा नको. येत्या सोमवारी मी जाणार आहे.